मधली रेघ

विद्यापीठाच्या नावात दोन गावं आहेत,
एक इंग्लंडातलं, एक चीनमधलं,
मधे एक आडवी रेघ.
मला ती एसटीच्या पाटीसारखी वाटली, कोल्हापूर-सांगली.
म्हटलं, प्रणोती, ही सुटते कुठनं आणि पोचते कुठं?
ती म्हणाली, पप्पा, सुटतच नाही. बॉर्डर बंद आहे.

म्हणून पहिली तीन सत्रं तिचं चीन
उद्यमनगरात, आमच्या माळ्यावर भरलं.
तिथले नऊ म्हणजे इथले साडेसहा.
खाली माझं पॅटर्नचं दुकान,
सागवानाचा भुसा, सरस, लाखेचा वास.
तास संपेपर्यंत करवत बंद.
शिरोलीच्या फौंड्रीचा माणूस दारात यायचा,
"सुतार, पंपाचं केसिंग कधी देताय?"
मी जिन्याकडं बोट दाखवायचो,
"हळू बोला. वर चीन चाललंय."
तो हसायचा आणि चहा सांगायचा.

गल्लीत विचारणारे होतेच,
चायनाला शिकती म्हणता, मग सकाळी दुधाला कशी दिसती?
काय सांगणार.
अर्धं कॉलेज इंग्लिश, अर्धं चिनी,
आणि दोन्ही अर्धी मिळून
दहा बाय बाराच्या खोलीत, एका पंख्याखाली.

फौंड्रीत तरी दुसरं काय असतं?
वरची पेटी, खालची पेटी,
मधे वाळूत दाबलेलं माझं लाकूड.
पिना बसल्या तर दोहोंचं एक होतं.
नाही बसल्या तर माल सरकतो,
केसाएवढा,
आणि गिऱ्हाईक अख्खा लॉट परत पाठवतं.
हे मी तिला एकदा समजावून सांगितलं.
वाटलं, वहीत लिहून घेतेय.
ती दुसरंच काहीतरी लिहीत होती.

मग व्हिसा आला.
कावळा नाक्यावरनं रात्रीची गाडी,
विमान, दुसरं विमान,
दहा दिवस एका खोलीत कोंडलेली,
आणि पुढं एका सकाळी फोनवर कॅम्पस.

"पप्पा, हा घड्याळाचा मनोरा. इंग्लंडात आहे, तस्साच.
हे तळं. ही झाडं बघा, पानं कशी, हळद!"

मनोरा बघितला. चांगला होता.
पण एका वस्तूवरनं दुसरी ओतली
की दुसरी आटते,
बिडाला शंभरात एक.
म्हणून आम्ही पॅटर्न मुळात थोडा मोठा करतो.
मनोऱ्याला ती सूट कुणी धरली होती का, माहीत नाही.

म्हटलं, पोरी, फोन जरा खाली धर. पायाकडं.
रस्त्यात गटाराचं ओतीव झाकण होतं,
चिनी अक्षरं, शेजारी इंग्रजी.
"वाक की. अजून."
सायकलवरची पोरं वळून बघत होती.
ती लाजली, पण वाकली.
उचलायच्या भोकाशी पेट्यांच्या सांध्याची रेघ राहिली होती,
घासायचा कंटाळा केलेला.
अक्षरांचे कोपरे मात्र वाळूतनं स्वच्छ सुटलेले.
लाकडाला उतार बरोबर दिला होता कुणीतरी,
कुणीतरी माझ्यासारख्यानं,
ज्याची लेक कुठं शिकते मला ठाऊक नाही.

"झालं का पप्पा? लेक्चर आहे."
झालं म्हटलं.

पहिल्या वर्षी टपालानं तिचं ओळखपत्र आलं होतं,
शाहूपुरीतल्या स्टुडिओतला फोटो, खाली दोन शिक्के.
तिकडं म्हणे त्यानं दारं उघडतात.
आमच्या दाराला कडी आहे.
तिला तिथं नवीन मिळालं, हे इथंच राहिलं.

आतल्या कोपऱ्यात पुट्टी ओढायला मी आता तेच वापरतो.
पत्र्याची पट्टी लाकडावर ओरखडे काढते.
हे वाकतं,
पाहिजे तेवढंच.
संध्याकाळी फोटोवर पुट्टी सुकलेली असते.
थिनर लावत नाही, शाई जाईल.
ओल्या फडक्यानं पुसतो.